नखांवरची चंद्रकोर



सुट्टीत नात आली की आमच्या जेवणाच्या टेबलावर नेलपॉलिशच्या बाटल्यांची रांग लागते. या वेळी तिने मलाच धरून बसवलं. फाइलच्या कागदाच्या भोकाला लावतात ती गोल चकती माझ्या नखाच्या मुळाशी चिकटवली, वर लाल रंग लावला आणि वाळल्यावर चकती अलगद काढली. खाली कोऱ्या नखाची चंद्रकोर राहिली. "आजी, सगळ्यात सोपं डिझाइन!"

पण ही कोर माझ्या ओळखीची होती. लहानपणी आई मेंदीची पानं पाट्यावर वाटायची. तळहातावर एक मोठा ठिपका आणि बोटांना टोप्या, एवढीच आमची नक्षी. तळहाताचा रंग आठ-दहा दिवसांत जायचा, नखाचा मात्र नखाबरोबर पुढे सरकायचा. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे महिन्याभराने मुळाशी अशीच कोर दिसायची.

नातीच्या डिझाइनचं नाव मून मॅनिक्युअर. १९२०-३० च्या दशकांत अमेरिका-युरोपातल्या बायका असाच चंद्र कोरा ठेवत, पुष्कळदा नखाचं टोकसुद्धा. तेव्हा नेलपॉलिशच नवीन होतं. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनतं. ते आधी दारूगोळ्यात वापरत, मग त्यापासून मोटारींसाठी झटपट वाळणारा रंग झाला आणि तोच पदार्थ नखांवर आला! १९३२ मध्ये रेव्हसन बंधू आणि रसायनतज्ज्ञ चार्ल्स लॅकमन यांनी रेव्हलॉन काढली, दाट, अपारदर्शक रंग आणले. आपल्याकडे टाटांची लॅक्मे आली १९५२ मध्ये.

आता मनाला लागलेली गोष्ट. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी मी पहिली बाटली घेतली, मोतिया रंगाची. पर्युषणात तीच लावून मंदिरात गेले. पुढे कित्येक वर्षांनी वाचलं, की अशी मोत्याची झाक माशांच्या खवल्यांतून काढत. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये नकली मोत्यांसाठी ही युक्ती निघाली आणि नंतर ती नेलपॉलिशमध्ये आली. माझ्या बाटलीवर घटक छापलेलेच नव्हते. पूजेला जोडलेले ते हात मला अजून आठवतात.

आपला जुना अळता तरी कुठे निर्दोष होता? तो लाखेचा, आणि लाख किड्यांची. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असे जे पंधरा व्यवसाय सांगितले, त्यांत लाक्षावाणिज्य आहेच. मी इतकी वर्षं वाणिज्य शिकले, पण हे वाणिज्य कॉलेजात कुणी शिकवलं नाही! राहता राहिली मेंदी. तिचं पानही एकेंद्रिय जीवच, असं आमच्या सासूबाई लगेच म्हणाल्या असत्या. चतुर्दशीला त्या कुणाला पान तोडू देत नसत.

मी नातीला सगळं सांगितलं. हल्ली चमक बहुधा अभ्रकाची असते, पण बघून घ्यावं. घटकांत सी.आय. ७५१७० असेल तर बहुधा खवल्यांतलं ग्वानीन, ७५४७० असेल तर किड्यांपासूनचा लाल कारमाइन. भिंग घेऊन दोघी बसलो. दोन बाटल्या बाजूला निघाल्या. त्यांतली चंदेरी तिची सगळ्यात लाडकी. ती जरा वेळ गप्प बसली, बाटली उलटसुलट करत राहिली. मग ती टेबलाच्या पार कडेला सरकवून म्हणाली, "आजी, दुसरा हात दे."