वाळुंजाची साल, खसखशीचं बोंड

1897 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या एल्बरफेल्ड इथे, बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन या रसायनतज्ज्ञाने दोन भुकट्या बनवल्या. कृती एकच: जुनं औषध घ्यायचं आणि त्याला अ‍ॅसिटिलचं शेपूट जोडायचं. 10 तारखेला ते सॅलिसिलिक आम्लाला जोडलं, त्याचं अ‍ॅस्पिरिन झालं. पंधरवडा उलटायच्या आत मॉर्फिनला जोडलं, त्याचं हेरॉइन झालं.

औषधं पारखणाऱ्या हाइनरिश ड्रेसर यांचा पहिलीवर भरवसा बसेना. ती हृदय दुबळं करील, अशी त्यांना धास्ती. दुसरीवर मात्र ते बेहद्द खूश. 1898 मध्ये हेरॉइन खोकल्याचं औषध म्हणून दुकानांत आलं, अ‍ॅस्पिरिनला 1899 उजाडलं. आज हृदयविकाराच्या झटक्याचा संशय आला की अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला देतात, आणि हेरॉइन जवळ सापडलं तर बेड्या पडतात. अ‍ॅस्पिरिनच्या श्रेयाचाही वाद आहे. आपल्या सांगण्यावरून हे काम झालं, असं आर्थर आइकेनग्र्युन यांनी 1949 मध्ये लिहिलं. ते ज्यू होते, नाझींच्या छळछावणीतून वाचलेले. मधल्या काळात त्यांचं नाव का पुसलं गेलं, हे वेगळं सांगायला नको.

दोन्ही घराणी तशी जुनी: पहिल्याचं मूळ विलोच्या सालीत, दुसऱ्याचं अफूत. इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टनचे पाद्री एडवर्ड स्टोन यांनी विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या गोतातल्या झाडाची साल चाखली. ती तापावर देतात त्या सिंकोनाच्या सालीसारखी कडू लागली. सालीची पिशवी त्यांनी पाववाल्याच्या भट्टीला लागून तीन महिन्यांहून जास्त टांगली, मग भुकटी करून तापाच्या पन्नासेक रुग्णांना दिली आणि 1763 मध्ये रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. अफूतून मॉर्फिन वेगळं काढणारा फ्रीडरिश झेर्ट्यूर्नर हा तर पाडरबोर्नच्या औषधी दुकानातला उमेदवार. पुढे त्याने ते स्वतःवर आणि तीन तरुणांवर करून पाहिलं, आणि चौघंही थोडक्यात बचावले.

काम करण्याची तऱ्हा मात्र दोघांची अगदी निराळी. पाय मुरगळला की दुखावलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. सूज येते, ठणका लागतो. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही मंडळी ते तयार होणंच रोखतात. अ‍ॅस्पिरिनचं हे कोडं जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये सोडवलं आणि 1982 चं नोबेल मिळवलं. पण तीच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या अस्तराची राखण करतात, म्हणून डॉक्टर ‘उपाशीपोटी घेऊ नका’ असं बजावतात. मॉर्फिन घोट्याच्या सुजेच्या वाटेला फारसं जात नाही. ते मज्जारज्जू आणि मेंदूतल्या ग्राहींना (रिसेप्टरना) जाऊन चिकटतं. सूज तशीच राहते, दुखणं दूर गेल्यासारखं वाटतं. मात्रा चढली तर श्वासही मंदावतो.

अनारशावर थापतात ती खसखस याच अफूच्या बोंडातली. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्याने दिवसभर झोपावं म्हणून त्याला ‘बाळगोळी’ चाटवत. तिच्यात अफू असे. त्याआधी माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारात गबर झालेल्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून 1845 मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. अफूच्या पैशातून रुग्णालय उभारल्याचं तेव्हा कुणाला वावगं वाटलं नसावं.

सुजेची औषधं बिनधोक, हा समज खोडला गेला तो गिधाडांमुळे. दुखऱ्या गुराला डायक्लोफेनॅक टोचायचं, ते दगावलं की गावाबाहेर टाकायचं. गिधाडं त्यावर उतरायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. 2004 मध्ये हे कारण उघड झालं, तोवर भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 90 टक्क्यांहून अधिक घटली होती. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये कुपीला 3 मिलीची मर्यादा घातली गेली. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात; तिथे गिधाडं उरली नाहीत, तेव्हा पारशी पंचायतीने सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवली.

अफूच्या बाबतीत जगाने दोन टोकं गाठली. 1980 मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं: रुग्णालयात अफूच्या जातीची औषधं दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी नवं व्यसन फक्त चौघांना लागलं. ही रुग्णालयात दाखल झालेली माणसं होती, महिनोन्‌महिने घरी गोळ्या खाणारी नव्हेत. तरी ते चिमुकलं पत्र शेकडो लेखांत पुरावा म्हणून मिरवलं. 1996 मध्ये ऑक्सिकाँटिन ही अफूच्याच जातीची वेदनाशामक गोळी बाजारात आली, तिच्या प्रचारालाही ‘व्यसन सहसा लागत नाही’ या समजाचा टेकू मिळाला.

अमेरिकेने हात सैल सोडला, तर भारताने नेमकं उलट केलं. 1985 चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि बारा वर्षांत त्याचा वैद्यकीय वापर 90 टक्क्यांहून जास्त घसरला. याच काळात नीमच-मंदसौरच्या सरकारी परवान्याच्या शेतांत दुपारनंतर बोंडांना चिरा पडत होत्या, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडला जात होता आणि सरकारकडे जमा होऊन त्यातला बराचसा परदेशी कंपन्यांकडे रवाना होत होता. कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी वांद्र्याला ‘शांती आवेदना’ हे देशातलं पहिलं हॉस्पिस उघडलं, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांसाठी. दुखणाऱ्या रुग्णांना मॉर्फिन मिळावं म्हणून झटणाऱ्या डॉ. एम. आर. राजगोपाल आणि इतर डॉक्टरांच्या पाठपुराव्यानंतर 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिनसाठी एकच परवाना पुरेसा ठरला. त्याआधी बऱ्याच राज्यांत चार-पाच परवाने लागत, तेही वेगवेगळ्या खात्यांचे, आणि सगळ्यांची मुदत एकाच वेळी शाबूत असावी लागे.