यूएसबी कीबोर्ड, यू-बूटमधील

यू-बूट हा एम्बेडेड बोर्डांवर सर्रास वापरला जाणारा मुक्त बूटलोडर. लिनक्स सुरू होण्याआधी त्याचा मेनू यूएसबी कीबोर्डने चालवता यावा, यासाठीच्या मांडणीची ही नोंद. वोल्फगांग डेंक यांच्या पीपीसीबूट या प्रकल्पातून यू-बूट आला. २००२पासून यू-बूट हे नाव रूढ झाले.

पीसीवर यूएसबी कीबोर्ड वापरण्याजोगा करून देण्याचे काम बायोस किंवा यूईएफआय करते. बोर्डावर सहसा असे कोणी नसते. कीबोर्डला वीज मिळते, दिवाही लागतो, पण त्याच्या कळा वाचणारे कोणी नसते. यूएसबी नियंत्रक जागवणे, हबला वीज देणे, उपकरण ओळखणे हे सारे बूटलोडरलाच करावे लागते. म्हणून ‘यूएसबी स्टार्ट’ ही आज्ञा ‘प्रीबूट’ या चलात ठेवतात. ही आज्ञा आपोआप बूट होण्याची उलटी गणती सुरू होण्याआधी चालते. बूट थोडे लांबते, पण त्याला इलाज नाही. काही हब सावकाश जागे होतात. त्यांच्यासाठी ‘यूएसबी-पीगुड-डिले’ या चलाची किंमत वाढवावी.

यू-बूट फक्त बूट प्रोटोकॉल जाणतो. यात कीबोर्ड आठ बाइटांचा अहवाल देतो: पहिल्यात शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळा, दुसरा राखीव, उरलेल्या सहांत दाबलेल्या कळांचे क्रमांक (‘ए’चा ४). हा प्रोटोकॉल न पाळणारा कीबोर्ड लिनक्समध्ये उत्तम चालला तरी इथे निरुपयोगी ठरतो. बाणांच्या कळांचे रूपांतर सिरीयल टर्मिनलच्याच एस्केप-क्रमांत होते, त्यामुळे मेनूला दोन्हींत फरक करावा लागत नाही.

कळ दाबली गेली का, हे इंटरप्टने कळत नाही. यू-बूट पुन्हा पुन्हा विचारत राहतो. हे विचारणे संथ असेल तर सिरीयलवर चिकटवलेल्या लांब आज्ञेतली अक्षरे गळतात.

‘स्टडइन’ या चलात ‘सिरीयल,यूएसबीकेबीडी’ असे दोन्ही ठेवावे; त्यासाठी कन्सोल-मक्स हा पर्याय चालू असावा लागतो. विकासाच्या बोर्डावर सिरीयल कधीही काढू नये. कीबोर्ड ओळखला गेला नाही, तर दुरुस्तीची आज्ञा तिथूनच देता येते.

कर्नलकडे ताबा देण्यापूर्वी यूएसबी बंद करणे अत्यावश्यक आहे. ओएचसीआय प्रकारचा यूएसबी नियंत्रक दर मिलिसेकंदाला फ्रेमचा क्रमांक मेमरीत लिहितो. तो चालूच राहिला, तर त्याच जागी उलगडत असलेला कर्नल बिघडू शकतो.