माहेरच्या वाटेने

एकोणिसाव्या शतकातल्या बाईचं कुळ शोधायचं तर सासरच्या वंशावळीआधी माहेरची कागदपत्रं चाळावीत. डॉ. आनंदीबाई जोशींचंच पाहा. 1865 साली जन्मलेली कल्याणच्या गणपतराव जोशींची यमुना वयाच्या 9व्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न होऊन आनंदी झाली. आडनाव तेच राहिलं, आणि मेख इथेच आहे: दोन्ही घरं जोशी, म्हणून कुळही एकच, असा समज सहज होतो. पण सगोत्र विवाह तेव्हा निषिद्ध. गोत्र तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. त्यात आनंदीबाईंचा मुलगा 10 दिवसांतच गेला. पुरुषांच्याच फांद्या मोजणाऱ्या वंशवृक्षात अशा बाईला जागा उरते कुठे?

कुणी म्हणेल, त्यांचं तर 1888 सालीच अमेरिकन लेखिका कॅरोलाइन डॉल यांनी चरित्र लिहिलं. खरं आहे, पण चरित्र काय, पदवीची नोंद काय, हे सारं त्या अमेरिकेला गेल्यामुळे जमलं. त्यांची रक्षाही न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत, त्यांना अमेरिकेत आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे. दगडावर नाव आणि एम.डी. कोरलेलं. कल्याणातच राहिलेल्या त्यांच्या वयाच्या मुलींसाठी मात्र नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याच उलगडाव्या लागतात, त्याही माहेरच्या नावाने.