स्वयंवर

‘वर’ या शब्दात ‘वृ’ हा धातू आहे. त्याचा अर्थ निवडणे. वर म्हणजे निवडलेला, आणि देवाकडे मागतो तो ‘वर’ही तिथलाच. ‘वधू’ आणि ‘विवाह’ यांची सांगड मात्र ‘वह्’शी, म्हणजे वाहून नेण्याशी घालतात. तो निवडायचा, तिला न्यायचं, असा हिशेब शब्दांतच मांडून ठेवलेला!

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. भाऊ रुक्मीनं तिच्यासाठी शिशुपाल ठरवला. तिनं कृष्णाला पत्र धाडलं आणि देवीच्या दर्शनाला गेली असता त्यानं तिला रथात घेऊन नेलं. ती देवी अमरावतीची अंबादेवी, असं इथले लोक सांगतात.

गंमत अशी, की भागवतात तिच्यासाठी राजांची सभा भरत नाही, कुणी हारही घालत नाही. पळवून नेऊन केलेल्या अशा लग्नाला शास्त्र ‘राक्षसविवाह’ म्हणेल. एकनाथांनी मात्र 1571 मध्ये ग्रंथाला नाव दिलं ‘रुक्मिणीस्वयंवर’. मंडप नसला तरी निवड तिची होती ना! त्याआधी तेराव्या शतकात कवयित्री महदंबेनं रिद्धपुरात याच लग्नाचे ‘धवळे’, म्हणजे लग्नगीतं, रचले. बाईचं लग्न बाईच्या तोंडून.

पुढं उपवर मुली ‘चांगला नवरा मिळावा’ म्हणून एकनाथांच्या ग्रंथाचं पारायण करू लागल्या. निवडणारीची पोथी मागणारीच्या हाती आली. अमरावती-अकोल्याकडं लग्नात आजही तो ‘नवरदेव’ असतो. ती नुसतीच ‘नवरी’.