अल्डाब्राचा बचाव : शास्त्रज्ञ, संवर्धक आणि संरक्षण खाते

हिंदी महासागरातील अल्डाब्रा हे कंकणाकृती प्रवाळबेट महाकासवांचे मोठे निवासस्थान आहे. मॉरिशस व रियुनियन येथील महाकासवे माणसांनी खाऊन संपविली. आडवळणी आणि रुक्ष असल्यामुळे अल्डाब्रावरील तेवढी टिकली. १८७४ मध्ये त्यांच्या रक्षणासाठी मॉरिशसच्या गव्हर्नरकडे एक विनंतिपत्र गेले. त्यावर डार्विन व त्यांचे कडवे टीकाकार ओवेन या दोघांच्याही सह्या होत्या. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचीही एक होती.

खरी कसोटी १९६५ नंतर लागली. त्या वर्षी ब्रिटनने मॉरिशसपासून चागोस द्वीपसमूह आणि सेशेल्सपासून अल्डाब्रासह तीन बेटे तोडून एक नवी वसाहत निर्माण केली. अल्डाब्रावर लष्करी विमानतळ बांधण्याचा बेत होता. केंब्रिजचे भूगोलतज्ज्ञ डेव्हिड स्टॉडार्ट यांनी १९६६ मध्ये बेटाची पाहणी केली. धावपट्टीमुळे कासवांचा आणि उडता न येणाऱ्या रेल पक्ष्याचा अधिवास उद्ध्वस्त होईल, हा एक आक्षेप होता. दुसरा आक्षेप लष्कराच्याच भाषेतला होता : तेथील फ्रिगेट पक्ष्यांचे थवे विमानांना धोकादायक ठरतील. लंडनची रॉयल सोसायटी, अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था आणि निसर्गसंवर्धक एकत्र आले. खासदार टॅम डिएल यांनी संसदेत प्रश्नांची सरबत्ती केली. नोव्हेंबर १९६७ मध्ये योजना रद्द झाली.

हा शास्त्रज्ञांचा विजय म्हणून सांगितला जातो. तथापि त्याच महिन्याच्या १८ तारखेला पौंडाचे अवमूल्यन झाले होते आणि शासनाला काटकसर अटळ होती. मोहिमेने योजना राजकीयदृष्ट्या अडचणीची करून ठेवली, एवढेच फार तर म्हणता येईल. तिचे टिकाऊ फळ नंतरचे आहे. रॉयल सोसायटीने तेथे संशोधन केंद्र उभारले, १९७६ मध्ये बेट स्वतंत्र सेशेल्सकडे परत आले आणि १९८२ मध्ये त्याची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली.

लष्करी तळ मात्र टळला नाही. तो चागोसमधील डिएगो गार्सिया बेटावर झाला. चागोसचे रहिवासी हे नारळाच्या मळ्यांवर आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे व भारतीय मजुरांचे वंशज. अधिकाऱ्यांनी त्यांना तात्पुरते कंत्राटी कामगार म्हणून रंगविले आणि १९६८ ते १९७३ या काळात साऱ्या द्वीपसमूहातून हलविले. कासवांसाठी उठला तसा एकमुखी आवाज त्यांच्यासाठी उठला नाही. याचा दोष शास्त्रज्ञांच्या माथी मारणे न्याय्य नाही. पण अल्डाब्राचा इतिहास त्याला वगळून लिहिणेही योग्य नव्हे. १९७१ साली अल्डाब्रावर संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी डिएगो गार्सियावरील शेवटच्या कुटुंबांना जहाजावर चढविण्यात आले.