जुना चीन, नवा चीन आणि मधली जागा



क्रांतीनंतरच्या चीनमध्ये जुन्या-नव्याची चित्रे शेजारी शेजारी मांडण्याची रीत होती. एकीकडे अस्थिपंजर रिक्षावाला किंवा पाय बांधलेली बाई. दुसरीकडे ट्रॅक्टर चालवणारी तरुणी. दोन्ही चित्रे खरी असू शकतात. पण त्यांच्यामध्ये जी वर्षे गेली, ती कुणीकडे गेली? आज मला बोलायचे आहे ते त्या वर्षांविषयी.

जॉन टॉमसन हा स्कॉटिश छायाचित्रकार 1868 ते 1872 या काळात चीनमध्ये हिंडला. काचेवर ओले रसायन पसरायचे आणि ते वाळण्याच्या आत चित्र घेऊन धुवायचे, अशी तेव्हाची पद्धत. त्यामुळे रसायनांच्या पेट्यांचे ओझे सतत बरोबर असे. बड्या अंमलदारांबरोबर त्याने फेरीवाले टिपले, नावाडी टिपले आणि बांधून आखडलेले स्त्रीचे पाऊलही टिपले. त्या पावलाशेजारी आजच्या कामगार स्त्रीचे चित्र ठेवले, तर ही बेडी 1949 साली एका झटक्यात तुटली असे वाटेल. वस्तुतः त्या चालीविरुद्ध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या आणि 1912 साली प्रजासत्ताकाने बंदीही घातली होती. खेड्यापाड्यांतून चाल हटायला त्यापुढेही काही दशके लागली. एवढ्या माणसांची ही खटपट दोन चित्रांच्या जोडीत कुठेच दिसत नाही.

सिडनी गॅम्बल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1917 ते 1932 च्या दरम्यान चीनमध्ये सुमारे 5,000 छायाचित्रे घेतली. बाजार, अंत्ययात्रा, रिक्षावाले, सारे त्यांत आहे. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. पेकिंगमधील 283 कुटुंबांचा जमाखर्च त्याने तपासला आणि 1933 साली त्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे मुंबईच्या कामगार कचेरीने 1921-22 मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची अशीच पाहणी केली होती. महागाईभत्त्यासाठी भांडणाऱ्या आम्हां लोकांना अशा जमाखर्चाचे मोल ठाऊक आहे. फोटोत फाटका सदरा दिसतो. मजुरीतले किती पैसे धान्यावर गेले, हे हिशेबाच्या वहीतच कळते.

एक राजवट जाऊन दुसरी येण्याची घटका आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराला सापडली. डिसेंबर 1948 मध्ये शांघायच्या एका बँकेबाहेर माणसे एकमेकांना चेंगरत सोन्यासाठी उभी आहेत, असे त्याचे चित्र आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने तीस लाख जुन्या युआनांना एक, अशा दराने नवी नोट काढली होती. तीही चार महिन्यांत कोसळली. सरकार का पडले, याचे एक कारण त्या गर्दीच्या चेहऱ्यांवर वाचता येते. श्रमिकांनी नव्या राज्याचे स्वागत का केले, तेही त्यातून उमगते.

परंतु पुढचेही पाहिले पाहिजे. ऑगस्ट 1958 मध्ये ‘पीपल्स डेली’ या पक्षाच्या मुखपत्राने भाताच्या दाट पिकावर उभ्या असलेल्या मुलांचे चित्र छापले. अनेक शेतांतली रोपे उपटून एका शेतात लावली होती! कारखान्यात बडे पाहुणे येणार म्हटले की आदल्या दिवशी खाते धुऊन निघते, हे कामगाराला वेगळे शिकवावे लागत नाही. असल्या फुगवलेल्या आकड्यांवर सरकारी धान्यवसुली ठरली, आणि 1959 ते 1961 च्या दुष्काळात माणसे मेली. त्यांच्या संख्येचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. त्या भुकेची छायाचित्रे मात्र जवळजवळ नाहीत.

पुढे सांस्कृतिक क्रांती आली. तेव्हा हार्बिनच्या वृत्तपत्रातील छायाचित्रकार ली झेनशेंग याने जयघोषाच्या चित्रांबरोबर मानखंडनेच्या सभाही टिपल्या. छापता न येणारी ती चित्रे त्याने घराच्या जमिनीखाली दडवली. 2003 साली ती पुस्तकरूपाने जगापुढे आली. पगार वृत्तपत्राचा, हुकूम पक्षाचा, तरी नजर त्याने आपली ठेवली.

जमीनदारी गेली, अक्षर घरोघर पोचले, हे नव्या चीनचे श्रेय कष्टकऱ्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्याने उघडपणे द्यावे. दुष्काळात मेलेले शेतकरीही कष्टकरीच होते, हेही त्यानेच सांगावे. अशी चित्रांची जोडी कोणत्याही देशाची, कोणत्याही सरकारची पुढे आली, तर श्रोतेहो, एवढे विचारा : ही दोन चित्रे कोणी निवडली, आणि मधल्या वर्षांत कोणाचे चित्र घेऊ दिले नाही?