छत्तीसगडची आरोग्य विधेयके : सभागृहातील मंजुरीपासून गावातील अंमलबजावणीपर्यंत

रायपूर : छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नव्या विधानसभेचे पहिले अधिवेशन रायपूरच्या राजकुमार महाविद्यालयात भरले. ९० सदस्यांच्या या एकसदनी विधिमंडळाने पुढील २५ वर्षांत आरोग्याशी थेट किंवा अप्रत्यक्ष संबंध असलेले अनेक कायदे केले. ग्रामीण भागासाठी वैद्यकीय मनुष्यबळ तयार करणे, खासगी रुग्णालयांना परवाने देणे, चेटकीण ठरवून होणारा महिलांचा छळ रोखणे, पोषणाची हमी देणे, आर्थिक अडचणीत आलेले वैद्यकीय महाविद्यालय ताब्यात घेणे असे विविध विषय त्यांत आले.

या कायद्यांचे भवितव्य मात्र सारखे राहिले नाही. काहींनी राज्याला देशात ओळख मिळवून दिली, तर काही वादात सापडले. आरोग्याचा हक्क देणाऱ्या कायद्याची राज्यात दीर्घकाळ चर्चा झाली. पण तो प्रत्यक्षात आला नाही. आरोग्यविषयक विधेयक सभागृहात मांडले गेल्यानंतर त्याचे यश कशावर अवलंबून असते, हे समजून घेण्यासाठी छत्तीसगडचा अनुभव उपयुक्त आहे.

आमदाराच्या हाती असलेली साधने

मंत्री मांडतात ते शासकीय विधेयक आणि मंत्री नसलेला सदस्य मांडतो ते अशासकीय विधेयक. सदस्य सत्तारूढ पक्षाचा असला, तरी तो मंत्री नसेल तर त्याचे विधेयक अशासकीयच ठरते. अशा कामकाजासाठी अधिवेशनकाळात साधारणपणे शुक्रवारी मोजका वेळ राखून ठेवलेला असतो. मसुदा तयार करणे, पूर्वसूचना देणे, विधेयक मांडण्याची अनुमती मिळवणे आणि त्यानंतर विचारविनिमय हे टप्पे पार करेपर्यंत अनेकदा अधिवेशनच संपते.

आरोग्याच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. राज्यघटनेच्या २०७ व्या अनुच्छेदानुसार, ज्या विधेयकामुळे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागेल, ते राज्यपालांनी विचारार्थ शिफारस केल्याशिवाय सभागृहाला मंजूर करता येत नाही. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने काम करतात. नवे रुग्णालय, मोफत औषधे किंवा वाढीव कर्मचारी यांपैकी काहीही मागितले तरी खर्च अटळ असतो. त्यामुळे सरकारची संमती नसेल, तर आमदाराचे आरोग्य विधेयक बहुधा चर्चेपुरतेच उरते. संसदेतही चित्र वेगळे नाही. स्वातंत्र्यानंतर खासदारांची केवळ १४ अशासकीय विधेयके कायद्यात रूपांतरित झाली आणि त्यांतील शेवटचे १९७० मधील आहे.

तरीही अशा विधेयकांना महत्त्व असते. त्यातून एखादा प्रश्न नोंदीवर येतो, सरकारला भूमिका स्पष्ट करावी लागते आणि पुढील शासकीय विधेयकाचा पाया रचला जातो. प्रश्नोत्तरे, लक्षवेधी सूचना आणि अशासकीय ठराव ही आमदारांची अन्य साधने आहेत. गरियाबंद जिल्ह्यातील सुपेबेडा गावातील मूत्रपिंडविकाराचा प्रश्न अशाच मार्गांनी वारंवार सभागृहात पोहोचला.

अधिकाराची सीमा आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय राज्य सूचीत आहेत. वैद्यकीय शिक्षण, वैद्यकीय व्यवसाय, औषधे आणि कुटुंब नियोजन समवर्ती सूचीत येतात. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार मात्र संघ सूचीतील ६६ व्या नोंदीनुसार केंद्राकडे आहे. म्हणजे रुग्णालय कसे चालावे हे राज्य ठरवू शकते. डॉक्टर कोणाला म्हणावे, हे राज्याला एकट्याने ठरवता येत नाही.

छत्तीसगडला ही सीमा अगदी सुरुवातीलाच जाणवली. राज्याच्या स्थापनेच्या वेळी रायपूर येथे १९६३ मध्ये सुरू झालेले एकच वैद्यकीय महाविद्यालय होते. बस्तर आणि सरगुजासारख्या आदिवासीबहुल भागांतील आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टरांची पदे रिक्त होती. पहिले मुख्यमंत्री अजित जोगी यांच्या कार्यकाळात २००१ मध्ये छत्तीसगड चिकित्सा मंडळ अधिनियम मंजूर झाला. त्याद्वारे ग्रामीण सेवेसाठी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू करण्यात आला.

या अभ्यासक्रमाला भारतीय वैद्यक संघटनेने विरोध केला. भारतीय वैद्यक परिषदेची मान्यता त्याला नव्हती. पदवीचे नाव काय असावे आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांना कोणते उपचार करता येतील, यावरून विद्यार्थीही आंदोलनात उतरले. काही तुकड्यांनंतर प्रवेश थांबले. उत्तीर्ण झालेल्या हजाराहून अधिक तरुणांना पुढे ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून शासकीय आरोग्य केंद्रांत सामावून घेण्यात आले. ज्या दुर्गम केंद्रांवर एमबीबीएस डॉक्टर टिकत नव्हते, तेथे या सहायकांनी वर्षानुवर्षे सेवा दिली. नेहमीच्या प्राथमिक आजारांवरील उपचारांत त्यांचे कौशल्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीचे असल्याचे राज्यात झालेल्या अभ्यासातूनही दिसून आले.

अशाच स्वरूपाचा आसामचा २००४ चा कायदा गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२३ रोजी तो निर्णय कायम ठेवताना, केंद्रीय कायद्याशी विसंगत असा वैद्यकीय अभ्यासक्रम राज्याला सुरू करता येणार नाही, असे स्पष्ट केले. दरम्यान, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ मधील ३२ व्या कलमाने मर्यादित परवान्यावर काम करणाऱ्या सामुदायिक आरोग्य सेवकांची तरतूद केली. छत्तीसगडने ओळखलेली गरज खरी होती. परंतु ती भागवण्यासाठी निवडलेला मार्ग राज्याच्या अधिकारकक्षेच्या काठावर होता.

कायद्याविना उभी राहिलेली ‘मितानिन’

याच काळात, २००२ मध्ये, मितानिन कार्यक्रम सुरू झाला. दोन मुलींनी विधिपूर्वक आयुष्यभराची मैत्री जोडण्याची छत्तीसगडी परंपरा आहे. अशा मैत्रिणीला मितानिन म्हणतात. प्रत्येक पाड्यातील लोकांनी आपल्यातूनच एका महिलेची निवड करायची आणि तिला आरोग्याचे प्रशिक्षण द्यायचे, अशी ही रचना होती. गावातील महिलांना आरोग्यसेवक म्हणून घडवण्याचा प्रयोग महाराष्ट्रात जामखेड आणि गडचिरोली येथे झाला होता. छत्तीसगडने ही कल्पना राज्यव्यापी केली. आज सुमारे ७० हजार मितानिन राज्यात कार्यरत आहेत.

केंद्र सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू करताना ‘आशा’ सेविकांची योजना आखली, तेव्हा मितानिनचा अनुभव तिच्यासमोर होता. या कार्यक्रमासाठी विधानसभेत स्वतंत्र कायदा झालेला नव्हता. सरकारे बदलली, तरी कार्यक्रम चालू राहिला. निवड गावाच्या हाती असणे, प्रशिक्षणात सातत्य असणे आणि प्रत्येक पाड्यापर्यंत एक ओळखीची व्यक्ती पोहोचणे, ही त्याची बलस्थाने ठरली. कायदा नसल्याचा एक परिणाम मात्र या महिलांनाच भोगावा लागला. मानधन, सेवाशर्ती आणि सामाजिक सुरक्षेसाठी त्यांना वेळोवेळी आंदोलन करावे लागते. कारण कायद्याने दिलेला हक्क म्हणून त्यांना काही मागता येत नाही.

परवाना, नियम आणि बिलासपूरची दुर्घटना

खासगी रुग्णालये, शुश्रूषागृहे आणि निदान केंद्रे यांच्या परवान्यासाठी छत्तीसगडने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. रायपूरमध्ये तो ‘नर्सिंग होम कायदा’ म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी संसदेने वैद्यकीय आस्थापना कायदा मंजूर केला होता. तो स्वीकारण्याची मुभा राज्यांना होती. छत्तीसगडने आपला कायदा निवडला. महाराष्ट्रात यासाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे आणि त्याखालील नियमांत २०२१ मध्ये मोठ्या सुधारणा झाल्या.

छत्तीसगडच्या कायद्याखालील नियम येण्यास २०१३ उजाडले. कोणत्याही कायद्यात मूळ तत्त्व असते, तर खाटांमधील अंतर, परिचारिकांची संख्या, तपासणीची पद्धत आणि शुल्क हा तपशील नियमांत असतो. नियम प्रसिद्ध होईपर्यंत तपासणी अधिकाऱ्याच्या हातात मोजण्याचे मापच नसते.

नियम असले तरी पुरेसे नसते, हे नोव्हेंबर २०१४ मध्ये दिसून आले. बिलासपूर जिल्ह्यात ८ नोव्हेंबर रोजी शासकीय नसबंदी शिबिरात ८३ महिलांवर अवघ्या काही तासांत शस्त्रक्रिया करण्यात आल्या. वापरात नसलेल्या एका खासगी रुग्णालयाच्या इमारतीत हे शिबिर झाले होते. एका पथकाने दिवसाला ३० पेक्षा अधिक शस्त्रक्रिया करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे तेव्हाही होती. हे शिबिर आणि त्याच सुमारास झालेली अन्य शिबिरे मिळून किमान १३ महिलांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास प्रकरणात १४ सप्टेंबर २०१६ रोजी निकाल देताना, नसबंदी शिबिरांची पद्धत तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले. खासगी रुग्णालयांवर देखरेखीचा कायदा झाला होता. शासनाच्या स्वतःच्या सेवांवर देखरेख कोणी करायची, याचे उत्तर शेवटी न्यायालयातून आले.

उपचाराच्या नावाखाली छळ

छत्तीसगडचा टोनही प्रताडना निवारण अधिनियम २००५ चा आहे. गावात आजार किंवा मृत्यू ओढवला की एखाद्या स्त्रीला ‘टोनही’, म्हणजे चेटकीण, ठरवण्याच्या प्रथेविरुद्ध हा कायदा आहे. एखाद्याला टोनही म्हणून जाहीर करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत, तर त्या नावाखाली शारीरिक वा मानसिक छळ करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात आहे. झाडफूक करून उपचाराचा दावा करणाऱ्या भोंदूंनाही तो लागू होतो. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी, आला.

हा कायदा आरोग्य खात्याचा नसून फौजदारी स्वरूपाचा आहे. तथापि, त्याचे यश आरोग्यसेवेशी जोडलेले आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला जवळच औषध मिळाले, तर आजाराचा दोष शेजारणीवर ढकलण्याचा प्रसंग टळण्याची शक्यता वाढते.

यंत्रणा आधी, कायदा नंतर

छत्तीसगडच्या विधानसभेने डिसेंबर २०१२ मध्ये अन्न व पोषण सुरक्षा कायदा मंजूर केला. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा त्यानंतरच्या वर्षी आला. प्राधान्य कुटुंबांना दरमहा ३५ किलो धान्य, स्वस्त डाळ व आयोडीनयुक्त मीठ आणि कुटुंबातील ज्येष्ठ महिलेच्या नावे शिधापत्रिका, ही त्याची वैशिष्ट्ये होती.

या कायद्याची तयारी आठ वर्षे आधी सुरू झाली होती. राज्याने २००४ मध्ये रास्त भाव दुकाने खासगी व्यापाऱ्यांकडून काढून ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचत गटांकडे सोपवली. त्यानंतर धान्य थेट दुकानापर्यंत पोहोचवण्याची आणि त्याची नोंद ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. कायदा आला तेव्हा तो राबवणारी यंत्रणा कामाला लागलेली होती. २००१ च्या वैद्यकीय अभ्यासक्रमात हा क्रम उलटा होता. तेथे प्रथम कायदा आणि प्रवेश झाले. मान्यता, पदनाम आणि नेमणुका यांचा विचार नंतर झाला.

आरोग्याच्या हक्काची अपूर्ण चर्चा

अंबिकापूरचे तत्कालीन आमदार टी. एस. सिंहदेव हे २०१८ पर्यंत विरोधी पक्षनेते होते आणि त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर आरोग्यमंत्री झाले. सर्वांसाठी आरोग्यसेवा हे त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यातील प्रमुख आश्वासन होते आणि जाहीरनामा समितीचे नेतृत्वही त्यांच्याकडेच होते. प्रत्यक्षात या पाच वर्षांत भर योजनांवर राहिला. आठवडी बाजारांत फिरते दवाखाने २०१९ मध्ये सुरू झाले. १ जानेवारी २०२० पासून डॉ. खूबचंद बघेल आरोग्य साहाय्य योजना लागू झाली. तिच्यात प्राधान्य व अंत्योदय शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत, तर अन्य कुटुंबांना ५० हजार रुपयांपर्यंत उपचारांची तरतूद होती. २०२१ मध्ये दुर्ग येथील चंदूलाल चंद्राकर स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिग्रहणाचे विधेयक विरोधकांच्या आक्षेपांनंतरही मंजूर झाले. आरोग्याचा हक्क देणारा कायदा मात्र झाला नाही.

आसामने २०१० मध्ये सार्वजनिक आरोग्य कायद्यात हा हक्क मान्य केला. राजस्थान विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्याचा हक्क विधेयक मंजूर केले. आपत्कालीन उपचारांचा खर्च कोण देणार, या प्रश्नावर तेथील खासगी डॉक्टरांनी मोठे आंदोलन केले. कायदा झाला, पण त्याखालील नियम रखडले. हक्क कागदावर आला, तरी त्याची किंमत कोणी मोजायची हे ठरल्याशिवाय रुग्णालयाचे दार उघडत नाही.

पुढील विधेयकांपुढील प्रश्न

नवा रायपूर येथील विधानसभेच्या नव्या वास्तूचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. पुढील आरोग्य विधेयकांवर आता तेथे चर्चा होईल. मागील २५ वर्षांचा अनुभव पाहता, अशा प्रत्येक विधेयकासमोर चार प्रश्न उभे राहतात : विषय राज्याच्या अधिकारात आहे का, खर्च कोणत्या निधीतून होणार, नियम किती काळात प्रसिद्ध होणार आणि गावात ते राबवणारी व्यक्ती कोण?

अशासकीय विधेयक मांडणाऱ्या सदस्याला यांपैकी खर्चाचा प्रश्न एकट्याने सोडवता येत नाही. उर्वरित तिन्ही प्रश्नांची उत्तरे मात्र मसुद्यातच देता येतात. नियम प्रसिद्ध करण्याची कालमर्यादा विधेयकात घालता येते, शासकीय संस्थाही तपासणीच्या कक्षेत आणता येतात आणि मितानिनसारख्या कार्यकर्त्यांच्या सेवाशर्तींना कायद्याचा आधार देता येतो. बस्तरच्या पाड्यात रात्री प्रसूतीच्या वेणा सुरू झालेल्या स्त्रीपर्यंत सर्वांत आधी मितानिनच पोहोचते. तिला पुढच्या आरोग्य केंद्रात कर्मचारी, औषध आणि वाहन मिळते की नाही, यावरून त्या रात्रीपुरता कायद्याचा अर्थ ठरतो.